स्मरणिकेसाठी दोन पानं

शंभर वर्षं दोन पानांत बसवा बाई,
मधल्या जाहिराती सोडून,
असं अनुग्रह आवळे म्हणाले
आणि चहाचा कप नोंदवहीवरच ठेवला.

पहिलं पान जाड, निळसर. शाई उडालीय.
येसबा सटवा. धंदा कातड्याचा.
बायको सारजा. मुलं तीन, पैकी जिवंत एक.
खाली अंगठा, रेषांमध्ये हिरड्याचा डाग,
किंवा मला तसा वाटतो.

त्याला पंचगंगेत बुडायचं होतं.
घाटावरून हाकललं. कुणी, ते लिहिलेलं नाही.
मग येसबानं कातडी भिजवायचं स्वतःचं कुंड रिकामं केलं,
राखेनं घासलं,
सारजानं अठरा घागरी ओतल्या.
बुडवताना साहेबानं नाक धरलं.
येसबाचं धरायचं, ते स्वतःचंच धरलं.

बाभळीच्या सालीचा वास काही गेला नाही.
अजून आमच्यात कुणी फार सोवळं बोललं
की म्हणतात, तू काय कुंडात बुडाला न्हाईस व्हय?

त्याच कुंडावर पुढं देऊळ बांधलं.
घंटेला पैसे नव्हते, रुळाचा तुकडा टांगला.
रविवारी दारात चपलांची रांग,
आणि शंभर वर्षांत एकही चोरीला गेली नाही,
ज्याची त्याला शिवण ओळखू येते.
(हे आवळ्यांना आवडलं. ठेवा म्हणाले.)

एकोणीसशे एकसष्ट. इथं मी पेन खाली ठेवते.
सभेचा ठराव: प्रभुभोजनाचा एक प्याला बंद करून
छोटे पेले आणावेत.
कारण: स्वच्छता.
त्याच वर्षी नवी अकरा घरं आली होती,
दुसऱ्या वाड्यातली,
आणि प्याला एकच होता.
ठरावावर पहिली सही माझ्या वडिलांची.
फार सुंदर अक्षर होतं त्यांचं.
पुढच्या पानावर अकरा घरांची नावं,
प्रत्येकावर एक आडवी रेघ,
पट्टी लावून मारलेली.

कितीजण शाळेच्या दाखल्यावर एक आहेत
आणि इथं दुसरे,
हे आकडे मी देणार नाही. ज्यांना कळतं त्यांना कळतं.
नाताळच्या सकाळी बाकं पुरत नाहीत, एवढंच लिहिते.

आणि महापूर.
रात्री जयंती नाल्याच्या अंगानं पाणी चढलं,
व्यासपीठाची फळी उचलून हौदात उतरलं,
जिच्या घाटावर येसबाला पाय ठेवू दिला नाही
ती बाई आपल्या पायानं आली,
न बोलावता, मागच्या दारानं,
आणि सहा दिवस राहिली.

ओसरल्यावर हौदात कमरेइतका गाळ,
एक रबरी चेंडू,
आणि कुणाच्या तरी देव्हाऱ्यातला पितळी गणपती.
हाबेल मामानं तो धुतला, टॉवेलात गुंडाळला
आणि चिखलातनं दारोदार विचारत गेला,
कुणाचा हाय हो? तुमचा हाय का?
तिसऱ्या दिवशी सुतारांच्या घरचा निघाला.
सुतारीणबाईनं हाबेल मामाला आत बसवून चहा दिला,
कपात की पेल्यात, ते मी विचारलं नाही.

हे स्मरणिकेत नको, आवळे म्हणतात. गैरसमज होतील.

रात्री नोंदवही पुन्हा चाळली, पहिल्यापासून.
सारजाचा बाप्तिस्मा कुठंच नाही.
बायको म्हणून आहे, आई म्हणून आहे,
वीस वर्षांनी एका ओळीत मयत म्हणून आहे.
बुडाल्याची तारीख नाही.
ती त्या दिवशी कुंडाच्या काठावर
रिकामी घागर घेऊन उभी राहिली असेल,
पाठ दुखत असेल,
पुढचा नंबर आपला असं वाटत असेल.

मी लिहिलंय: सारजा, घागरी अठरा.
एकसष्टचा ठरावही लिहिलाय, सहीसकट.
तीन पानं झाली.
आवळ्यांना सांगायला हवं,
त्यांच्या मेव्हण्याच्या फौंड्रीची
पूर्ण पान जाहिरात
काढावी लागेल.